ब्रिटनमध्ये सेकंड हँड हायब्रिड हॅचबॅक घेताना

ब्रिटनमध्ये नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाचं पहिले काही महिने बस आणि ट्रेनवर भागतं. मग थंडी सुरू होते, नर्सरी एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला पडतं, शनिवारचा किराणा पिशव्या सावरत आणावा लागतो आणि गाडीचा विषय निघतो. जाहिराती चाळायला बसलं की दर तिसऱ्या गाडीपुढे ‘हायब्रिड’ दिसतं. भारतात स्ट्राँग हायब्रिड आल्या त्या ग्रँड विटारा, हायरायडर, होंडा सिटी अशा मोठ्या गाड्यांमधून, त्यामुळे छोट्या हॅचबॅकमधली हायब्रिड बहुतेकांनी चालवलेली नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे: ब्रिटनमध्ये पहिलीच गाडी घेणारं, दोन मोठी आणि एकदोन मुलं असलेलं, बजेट मोजकं असलेलं घर.

आधी आठवडा कागदावर मांडा

कोणती गाडी हे ठरवण्याआधी एका आठवड्यात कुठे कुठे जाणं होतं ते लिहून काढा आणि प्रत्येक फेरीपुढे दोनच गोष्टी नोंदवा: मैल किती आणि रस्ता कसला. शाळा, स्टेशन, सुपरमार्केट, सिग्नल, वीस-तीसच्या स्पीड लिमिटचे रस्ते असा आठवडा असेल तर हायब्रिड तुमच्यासाठीच आहे. ब्रेक मारताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ती बॅटरीत साठवते आणि सिग्नल सुटल्यावर तीच वापरते. थांबत-चालत जाणं जितकं जास्त, तितकी बचत जास्त. उलट, रोज मोटरवेवर सत्तरच्या वेगाने चाळीस मैल जायचं असेल तर ब्रेक क्वचितच लागतो, बॅटरीत भर पडत नाही आणि बहुतेक काम पेट्रोल इंजिनच करतं. तिथे साध्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत फायदा फार थोडा उरतो.

आपण ‘अ‍ॅव्हरेज किती?’ असं किलोमीटरमध्ये विचारतो, इथे ते एमपीजीमध्ये, म्हणजे एका गॅलनमागे किती मैल असं सांगतात. एक ब्रिटिश गॅलन म्हणजे ४.५५ लिटर. एमपीजीच्या आकड्याला ०.३५४ ने गुणलं की लिटरमागे किलोमीटर निघतात. म्हणजे ४५ एमपीजी म्हणजे सोळाच्या आसपास, ६० एमपीजी म्हणजे एकवीसच्या जरा वर.

आता पैशांत बघू. वर्षाला ८,००० मैल धरले तर ४५ ची पेट्रोल गाडी सुमारे ८०८ लिटर पिते आणि ६० ची हायब्रिड ६०६ लिटर. फरक २०२ लिटरचा. पेट्रोल १.४० पौंडाने धरलं तर वर्षाचे २८० पौंड वाचतात. तशाच पेट्रोल गाडीपेक्षा हायब्रिडसाठी २,००० पौंड जास्त मोजले, तर ते नुसत्या पेट्रोलमधून भरून यायला सात वर्षं लागतील. वर्षाला ४,००० मैलच होत असतील तर चौदा. म्हणून नुसत्या पेट्रोलवर डोळा ठेवून हायब्रिड घेऊ नका. ती घेण्याजोगी ठरते ती ऑटोमॅटिक असण्यामुळे, गर्दीत पायाला मिळणाऱ्या आरामामुळे आणि क्लच, वेगळी स्टार्टर मोटर, अल्टरनेटर यांसारखे झिजणारे भाग बहुतेक फुल हायब्रिड गाड्यांत मुळातच नसल्यामुळे. तुलना करायचीच तर ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीशी करा, मॅन्युअलशी नको.

एका नावाखाली तीन वेगळ्या गाड्या

पहिली माइल्ड हायब्रिड. हिच्यात छोटी बॅटरी आणि छोटी मोटर इंजिनला नुसता हात देतात, चाकं कधीही एकट्या विजेवर फिरत नाहीत. सुझुकी स्विफ्टच्या मागे लिहिलेलं ‘हायब्रिड’ किंवा फोर्ड फिएस्टाचं ‘इकोबूस्ट हायब्रिड’ या जातीचं. गाड्या वाईट नाहीत, पण त्यांना हायब्रिडचा भाव देऊ नका. यातल्या पुष्कळ मॅन्युअल असतात, त्यामुळे जाहिरातीत क्लच पेडल आणि गिअर दिसला की समजावं ही माइल्ड.

दुसरी फुल हायब्रिड, जिला विक्रेते ‘सेल्फ चार्जिंग’ म्हणतात. वायर लावायची नाही, पेट्रोल भरायचं आणि चालवायची. मैलभर विजेवर जाते, मग इंजिन लागतं, पुन्हा बंद होतं. या लेखात यापुढे हायब्रिड म्हणजे हीच.

तिसरी प्लग-इन, उदाहरणार्थ गोल्फ जीटीई. घराला स्वतःचं पार्किंग आणि तिथे चार्जर असेल तर ही उत्तम. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून, गाडी रस्त्यावर लावून प्लग-इन घेणं म्हणजे जड बॅटरी विनाकारण वाहत फिरणं. चार्ज न करता चालवली तर तिचं अ‍ॅव्हरेज साध्या गाडीच्याही खाली येऊ शकतं.

लायसन्स आणि विमा आधी, गाडी नंतर

भारतीय लायसन्सवर ग्रेट ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. भारताचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स काढून, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पास व्हावं लागतं. टेस्टच्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून आल्याबरोबर अर्ज करा. ऑटोमॅटिक गाडीवर टेस्ट दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. फुल हायब्रिड सगळ्या ऑटोमॅटिकच असल्याने हायब्रिडच घ्यायची ठरली असेल तर हे चालून जातं. पुढे भाड्याची मॅन्युअल गाडी किंवा ऑफिसची व्हॅन चालवण्याची शक्यता असेल तर मॅन्युअलवर टेस्ट द्या.

विम्याचा कोट गाडी पसंत करण्याच्या आधी काढा. भारतीय लायसन्स, इथला कोरा अनुभव आणि शहरातला पोस्टकोड हे तिन्ही एकत्र आले की हप्ता गाडीच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो. तुलना करणाऱ्या वेबसाइटवर तीन-चार मॉडेलचे नंबर टाकून बघा, फरक शेकडो पौंडांचा निघतो. फॉर्म भरताना वापराचा प्रकार नीट निवडा. नुसतं ‘सोशल’ निवडलं आणि स्टेशनच्या पार्किंगपर्यंत रोज गाडी नेली, तर ते ‘कम्यूटिंग’ झालं आणि क्लेम अडकू शकतो. गाडी मुख्यतः तुम्ही चालवणार आणि विमा स्वस्त पडतो म्हणून मुख्य ड्रायव्हर म्हणून दुसऱ्याचं नाव घालणार, तर ती इथे फसवणूक ठरते. याला ‘फ्रंटिंग’ म्हणतात. नवरा-बायको दोघं खरंच चालवत असाल तर दुसऱ्याला नेम्ड ड्रायव्हर म्हणून घाला, त्याने कधी कधी हप्ता उतरतोही.

कोणत्या गाड्या बघाव्यात

टोयोटा यारिस. हायब्रिड यारिस २०१२ पासून मिळते, चार सिलिंडरच्या १.५ इंजिनाची. २०२० मध्ये पूर्ण नवीन यारिस आली, तीन सिलिंडरची, ११६ हॉर्सपॉवरची, आणि तिला २०२१ चा युरोपियन कार ऑफ द इयर किताब मिळाला. शहरात हिच्यासारखं अ‍ॅव्हरेज दुसरी क्वचितच देते. पण मागची सीट आणि मागच्या खिडक्या लहान आहेत आणि डिकी २८६ लिटरची. एक मूल असलेल्या घराला पुरते, दोन बेबी सीट लावल्या की पुढच्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. माझदा २ हायब्रिड नावाची गाडी दिसली तर ती याच यारिसची जुळी बहीण. कधी कधी स्वस्तात मिळते, म्हणून तीही शोधा.

टोयोटा ऑरिस आणि कोरोला. २०१८ पर्यंत ऑरिस आणि २०१९ पासून कोरोला, दोन्ही डर्बीशरमधल्या बर्नास्टनच्या कारखान्यात बनलेल्या. १.८ च्या कोरोलाची डिकी ३६१ लिटर, २.० च्या हॅचबॅकची मात्र ३१३. मोठं इंजिन घेताना डिकी लहान होते हे फोटोत कळत नाही. दोन मुलांच्या घराला आमची पहिली पसंती १.८ लाच. आणखी जागा हवी असेल तर हिचीच इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकी असलेली, ‘टूरिंग स्पोर्ट्स’ बघा. सुझुकी स्वेस ही तीच इस्टेट, फक्त नाव वेगळं.

होंडा जॅझ. २०२० पासूनची जॅझ ब्रिटनमध्ये फक्त हायब्रिडच विकली गेली. शहरात हिचं इंजिन वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते, मोटरवेच्या वेगाला इंजिन चाकांना थेट जोडलं जातं. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असल्याने मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलून उभी करता येते. तिथे घडी घातलेली बाबागाडी, उंच कुंडी किंवा गणपतीची मूर्ती उभीच्या उभी बसते. डिकी ३०४ लिटर, पण जागेचा उपयोग बघता ही गाडी आकाराच्या मानाने फार मोठी आहे. आजी-आजोबा येणार असतील तर दरवाजे मोठे आणि सीट जरा उंच, हेही लक्षात घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यारिसमध्ये वाकून उतरावं लागतं, जॅझमधून उतरणं बरंच सोपं जातं.

रेनॉ क्लिओ ई-टेक. चालवायला मजेदार, दिसायला देखणी, पण बॅटरीमुळे डिकी पेट्रोल क्लिओपेक्षा बरीच कमी. गिअरबॉक्सची रचना इतरांपेक्षा वेगळी असल्याने लांबची टेस्ट ड्राइव्ह घेतल्याशिवाय ठरवू नका.

ह्युंदाई आयोनिक. २०१६ ते २०२२ दरम्यानची, हॅचबॅकच पण लांब. हिला नेहमीचा सहा गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्यामुळे टोयोटासारखा इंजिनाचा आवाज चढत नाही. डिकी या यादीतल्या हॅचबॅकमध्ये सर्वात मोठी. मोटरवे जास्त असेल तर हिचा विचार जरूर करा.

डिकीचा आकडा वाचण्यापेक्षा प्रत्यक्ष बाबागाडी घेऊन जा आणि ठेवून बघा. विक्रेत्याला यात काही वावगं वाटत नाही. भारतातून येणाऱ्या २३ किलोच्या मोठ्या बॅगेची जागा शंभर लिटरच्या आसपास लागते. दोन माणसांच्या चार बॅगा विमानतळावरून आणायच्या तर मागची सीट पाडावी लागणारच, मग बसायचं कोणी हा प्रश्न उरतो. वर्षातून एकदा असं होणार असेल तर त्या दिवशी टॅक्सी करा, त्या एका दिवसासाठी मोठी गाडी घेऊ नका.

मुलांच्या सीटचा नियम: वय १२ किंवा उंची १३५ सेंमी, यातलं जे आधी होईल तोवर योग्य कार सीट सक्तीची. आय-साइझ, म्हणजे मुलाच्या उंचीवरून निवडायच्या नव्या मानकाच्या सीटमध्ये मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत तोंड मागेच हवं, आणि अशी सीट पुढच्या सीटला खूप पुढे ढकलते. तुमची स्वतःची सीट गाडीत बसवून, उंच माणसाला पुढे बसवूनच निर्णय घ्या.

एका तारखेवर १७५ पौंडांचा फरक

रोड टॅक्स गाडी पहिल्यांदा कधी नोंदली गेली त्यावर ठरतो. १ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर नोंदलेल्या हायब्रिडला आता पूर्ण दर पडतो, २०२५-२६ मध्ये तो वर्षाला १९५ पौंड होता. पूर्वी हायब्रिडला मिळणारी १० पौंडांची सूट एप्रिल २०२५ पासून बंद झाली. एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा टॅक्स मात्र कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर. किलोमीटरमागे १०० ग्रॅमपर्यंत असेल तर त्याच वर्षी तो फक्त २० पौंड होता, आणि जुन्या यारिस, ऑरिस हायब्रिड यात बसतात. म्हणजे मार्च २०१७ ची आणि मे २०१७ ची, रंगरूपाने सारखीच यारिस, पण त्या दरांनी टॅक्समध्ये वर्षाला १७५ पौंडांचं अंतर. जाहिरातीत ‘२०१७’ एवढंच लिहिलं असेल तर महिना विचारा.

लंडनच्या युलेझची, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लागणाऱ्या शुल्काची काळजी नको, पेट्रोलला युरो ४ हे प्रदूषणाचं मानक लागतं आणि वर सांगितलेल्या सगळ्या गाड्या त्याच्या पुष्कळ पुढच्या आहेत. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्याचा कंजेशन चार्ज मात्र हायब्रिडला भरावाच लागतो, कोणी ‘हायब्रिडला माफ’ म्हणालं तर ती जुनी गोष्ट आहे.

घरबसल्या करायचा तपास

जाहिरातीतल्या फोटोतून नंबर घ्या आणि सरकारी वेबसाइटवर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास फुकट बघा. तीन वर्षांच्या पुढच्या प्रत्येक गाडीला दरवर्षी एमओटी लागते. दर वर्षीचे मैल एकाखाली एक वाचा. मध्येच आकडा कमी झाला तर गाडी सोडून द्या. वर्षाला ३०-४० हजार मैल दिसले तर ती बहुधा टॅक्सी होती. मग ‘अ‍ॅडव्हायजरी’ वाचा, म्हणजे नापास नाही पण लक्ष द्या अशा सूचना. ब्रेक डिस्कवर गंज, खड्डे असं दोन-तीन वर्षं सलग आलं असेल तर कोणी दुरुस्त केलंच नाही. टायरबद्दल दर वर्षी तीच तक्रार असेल तर मालकाने एकूणच हात आखडता घेतलेला आहे.

दुसरा तपास पैसे देऊन करायचा, ज्याला इथे सगळे एचपीआय चेक म्हणतात. त्यात गाडीवर कर्ज शिल्लक आहे का, चोरीची आहे का, अपघातात राइट-ऑफ झालेली, म्हणजे विमा कंपनीने निकालात काढलेली आहे का हे कळतं. ‘कॅट एस’ म्हणजे सांगाड्याला मार बसून दुरुस्त झालेली, ‘कॅट एन’ म्हणजे सांगाडा सोडून इतर नुकसान. पहिली गाडी घेणाऱ्याने दोन्ही टाळावीत. विमा आणि पुढची विक्री, दोन्हीत त्रास होतो. कर्ज शिल्लक असलेली गाडी घेतली तर कर्ज देणारी कंपनी तिच्यावर हक्क सांगू शकते आणि तुमचे पैसे अडकू शकतात.

सर्व्हिस रेकॉर्डला हायब्रिडमध्ये मैलांपेक्षा जास्त वजन द्या. ४०,००० मैल झालेली, तीन वर्षं सर्व्हिसविना फिरलेली गाडी आणि ८०,००० मैलांची दर वर्षी नोंद असलेली, यात दुसरी घ्या. टोयोटाच्या बाबतीत तर हे थेट पैशाचं आहे. अधिकृत डीलरकडे सर्व्हिस केली की त्यासोबत पुढच्या वर्षाची वॉरंटी मिळते, गाडी १० वर्षांची किंवा १,००,००० मैलांची होईपर्यंत. हायब्रिड बॅटरीचं कव्हर त्यांच्या हायब्रिड हेल्थ चेकमधून १५ वर्षांपर्यंत वाढवता येतं. आठ वर्षांची ऑरिस घेऊन पहिल्याच महिन्यात डीलरकडे सर्व्हिस करून घेणं हा म्हणूनच सर्वात स्वस्त विमा. अटी आणि गाडीची पात्रता डीलरला नंबर सांगून आधीच विचारून घ्या.

गाडी बघायला गेल्यावर

दिवसा जा, कोरड्या हवेत जा, आणि ‘मी येण्याआधी गाडी चालू करू नका’ असं फोनवर सांगून ठेवा. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर कोणीतरी थंड गाडीचा आवाज लपवतोय.

ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबा. डॅशबोर्डवर ‘रेडी’ उजळलं की गाडी तयार. आवाज काही होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. थंडीत काही सेकंदांत इंजिन आपोआप सुरू होतं, ते बरोबर आहे. पण ते सुरू होताना पहिले पाच-दहा सेकंद अख्खी गाडी थडथडली, एखादा सिलिंडर चुकल्यासारखी, तर सावध व्हा. ऑरिसमधल्या आणि त्याच काळातल्या प्रियसमधल्या १.८ इंजिनांत जास्त मैलांनंतर ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत नेणारा भाग) काजळीने तुंबतो आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जाऊ शकतं. मग रात्रभरात थोडं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी ही थडथड होते. बॉनेट उघडून कुलंटची पातळी बघा. टोयोटाच्या हायब्रिडला कुलंटच्या दोन बाटल्या असतात, एक इंजिनाची आणि एक इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाची. दोन्हीत गुलाबी कुलंट खुणांच्या मध्ये हवं. जाड नारिंगी वायरी दिसतील, त्यांच्यात हाय व्होल्टेज असतं, हात लावायचा नाही.

आता मागचं दार उघडून खाली वाका. टोयोटात मागच्या सीटच्या कडेला किंवा तिच्या खाली प्लास्टिकची जाळी असते. बॅटरी थंड ठेवणारा पंखा केबिनमधली हवा तिथूनच ओढतो. टॉर्च मारून बघा. जाळीवर करडी लव, कुत्र्याचे केस, बिस्किटाचा चुरा यांचा थर बसला असेल तर आतला फिल्टरही तसाच असणार आणि बॅटरीने कित्येक उन्हाळे गरम होऊन काढलेले असणार. हायब्रिड बॅटरी लवकर मरते ती बहुधा या उष्णतेमुळे. फिल्टर साफ करणं हे काही मिनिटांचं काम आहे, आणि ते कोणी केलं नसेल तर बाकी काय केलं असेल याचा अंदाज येतो.

टेस्ट ड्राइव्ह निदान वीस-पंचवीस मिनिटांची हवी, त्यात चढ, गर्दी आणि शक्य तर थोडा ड्युअल कॅरेजवे, म्हणजे मध्ये दुभाजक असलेला मोठा रस्ता. स्क्रीनवर बॅटरीचं चित्र लावून ठेवा आणि बाजूला बसलेल्याला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगा. निरोगी बॅटरी मधल्या पट्ट्यांवर हळूहळू वर-खाली होते, ना पूर्ण भरते ना रिकामी होते. साध्या रस्त्यावर दोन-तीन मिनिटांत भरलेल्याची जवळजवळ रिकामी आणि पुन्हा तितक्याच झपाट्याने भरलेली दिसली तर सेल थकलेत. त्याच वेळी मागून पंख्याचा मोठा घोंघाट ऐकू आला तर शंका पक्की धरा.

चढावर जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की टोयोटाचं इंजिन एकाच चढ्या सुरात ओरडतं आणि वेग मागून वाढतो. हा बिघाड नाही, त्या गिअरबॉक्सची रीतच तशी आहे. त्यात घासणारा पट्टा नसतो, गिअरचे दातेच असतात, म्हणून ते टिकतंही. आवाज सहनच होत नसेल तर ह्युंदाई बघा.

मोकळ्या रस्त्यावर ब्रेक हलका दाबून गाडी पूर्ण थांबवा. वेगात मोटरच ब्रेकचं काम करते, शेवटच्या थोड्या वेगालाच पॅड डिस्कवर बसतात. त्यामुळे हायब्रिडचे पॅड अनेक वर्षं टिकतात, पण वापर नसल्याने डिस्क गंजते आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. थांबताना करकर किंवा एका बाजूला ओढ जाणवली तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून कापून मागा. पावसानंतरची पहिल्या दोन ब्रेकची खरखर मात्र किरकोळ.

एसी थंडीतही लावून बघा. याचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं खास तेल लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजने साधं तेल घालून गॅस भरला असेल तर कॉम्प्रेसर आणि त्यामागचं इन्सुलेशन दोन्ही धोक्यात येतं.

उतरल्यावर टॅक्सीच्या खुणा शोधा: मागच्या बंपरवर प्लेटची भोकं, दारावर स्टिकरच्या चौकोनी सावल्या, मागच्या सीटचे बेल्ट पुढच्यापेक्षा जास्त मळलेले. टॅक्सी असली म्हणून वाईटच असं नाही, पण ती खासगी गाडीच्या भावाने विकली जात असेल तर निघून या. इंजिन सुरू होताच खालून ट्रकसारखी गर्जना आली तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा चोरीला गेलेला आहे. जुन्या टोयोटा आणि होंडा हायब्रिडवर चोरांचा डोळा असतो, कारण त्यांच्या कन्व्हर्टरमधले मौल्यवान धातू इंजिन कमी चालल्याने चांगले राहतात. डिकीच्या तळाशी स्टेपनी आहे का बघा. पुष्कळ हायब्रिडमध्ये नुसतं पंक्चर दुरुस्तीचं किट असतं.

कागद आणि पैसे

खासगी विक्रेत्याकडे जायचं तर व्ही फाइव्ह सी (गाडीच्या नोंदणीचा कागद) वर लिहिलेल्या पत्त्यावरच, पेट्रोल पंपावर किंवा कार पार्कमध्ये नाही. काचेखालचा आणि दाराजवळचा चेसिस नंबर कागदाशी जुळवा. व्ही फाइव्ह सी हा मालकीचा पुरावा नव्हे, त्यावर फक्त गाडी कोणाच्या जबाबदारीत आहे हे असतं, म्हणून सही केलेली पावती वेगळी घ्या. चाव्या दोन हव्यात, हायब्रिडची स्मार्ट चावी नवीन करायला चांगलाच खर्च येतो.

डीलरकडून घेतलेल्या गाडीत घेतानाच दोष असेल तर कंझ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ प्रमाणे पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. खासगी विक्रीत हे संरक्षण नाही. इथे नवीन असलेल्या माणसाने चार-पाचशे पौंड जास्त देऊन चांगल्या डीलरकडून घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. निदान डिपॉझिट तरी क्रेडिट कार्डाने भरा. गाडीची किंमत १०० ते ३०,००० पौंडांच्या मधली असेल तर कार्डाने थोडीच रक्कम भरली तरी पूर्ण किमतीसाठी कार्ड कंपनीही जबाबदार राहते.

टॅक्स गाडीबरोबर येत नाही. जुन्या मालकाचा भरलेला असला तरी विक्रीच्या क्षणी संपतो. हिरव्या ‘न्यू कीपर’ तुकड्यावरचा १२ आकडी नंबर घालून जागेवरच, मोबाइलवर टॅक्स भरा. विमा त्याच्याही आधी सुरू झालेला हवा. हे दोन्ही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका, कॅमेऱ्यांना नंबर प्लेटवरून सगळं कळतं.

पहिल्या काही आठवड्यांत

सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकण्याची सवय असेल तर ती सोडा. न्यूट्रलमध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही, डी वर ठेवून ब्रेक दाबा. गिअरवरचं बी हे लांब उतारासाठी, डोंगराळ वेल्समध्ये किंवा लेक डिस्ट्रिक्टमध्ये कामाचं. शहरात डी च पुरेसं. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच हलका ब्रेक सुरू करा, उशिरा जोरात दाबलात तर ती शक्ती बॅटरीत न जाता डिस्कवर जाते.

हिवाळ्यात अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून घाबरू नका. हीटरला गरम पाणी लागतं, म्हणून इंजिन उभ्या गाडीतही चालू राहतं. दोन मैलांच्या शाळेच्या फेरीत ते गरम होईपर्यंत शाळा येते. सीट गरम करण्याची सोय असेल तर ती वापरा आणि हीटर थोडा कमी ठेवा.

भारतात तीन आठवड्यांसाठी जाणार असाल तर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा विचार करा. हायब्रिड बंद पडते ती बहुतेक वेळा हिच्यामुळे, मोठी बॅटरी भरलेली असूनही ‘रेडी’ येत नाही. जाण्याआधी तासभर गाडी चालवून ठेवा आणि शेजाऱ्याकडे चावी देऊन आठवड्यातून एकदा तासभर ‘रेडी’ वर ठेवायला सांगा. गाडीत नुसते दिवे लावून ठेवले तर उलट ती उतरते, ‘रेडी’ दिसलंच पाहिजे. जंप स्टार्ट करण्याची वेळ आली तर काही मॉडेलमध्ये ही बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीत असते, पण जोडणीचं टोक पुढे बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये लाल झाकणाखाली सापडतं. आणि दुसऱ्याची गाडी तुमच्या हायब्रिडवरून जंप करून देऊ नका, कोणी कितीही विनवलं तरी.

मुलांच्या सीटखाली टाकलेलं पांघरूण, जॅकेट, खाऊची पिशवी त्या बॅटरीच्या जाळीवर येत नाही ना, हे दर आठवड्याला बघा. वर्षातून एकदा जाळी काढून फिल्टर झटका, आणि गाडीत कुत्रा बसत असेल तर सहा महिन्यांनी.